एका पानात प्रसंग कसा मावतो : अकबरनाम्यातील कथनचित्रे

मुघल लघुचित्र म्हटले की बहुतेक विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर हातात फूल धरलेला बादशहा उभा राहतो. ती व्यक्तिचित्रे. त्यांचा खरा बहर जहांगीर आणि शाहजहान यांच्या काळातला. अकबराच्या चित्रशाळेत मुख्य काम वेगळे होते: पोथीतली गोष्ट पानावर घडताना दाखवणे. त्याची सुरुवात हम्झानाम्यापासून झाली. कापडावरची सुमारे १४०० मोठी चित्रे आणि मजकूर पाठीमागे, अशी त्याची रचना होती. कोकणात पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून कथा सांगतात, साधारण तशाच रीतीने ही पाने दाखवून कथा ऐकवली जात असावी, असे मानले जाते.

या पाठात आपण अकबरनाम्याची चित्रे पाहू. अबुल फजलच्या या ग्रंथाची एक सचित्र प्रत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. संग्रहालयाने ती १८९६ साली विकत घेतली. तिच्यात ११६ चित्रे असून ती १५६० ते १५७७ या काळातील घटनांची आहेत. चित्रे काढली गेली ती मात्र साधारण १५९० ते १५९५ या वर्षांत. म्हणजे घटना आणि चित्र यांत सुमारे पंधरा ते पस्तीस वर्षांचे अंतर आहे. परीक्षेत "या चित्रावरून त्या काळची माहिती मिळते" असे सरसकट लिहिण्यापूर्वी हे अंतर आठवावे. चित्रकार बहुधा घटनास्थळी नव्हता. त्याच्यासमोर होता तो दरबारी इतिहासकाराचा मजकूर.

पानाच्या खालच्या समासात अनेकदा दोन नावे आढळतात. एका नावापुढे 'तरह' म्हणजे मांडणी, दुसऱ्यापुढे 'अमल' म्हणजे रंगकाम. काही पानांवर चेहरे रंगवणाऱ्या तिसऱ्याचेही नाव असते. बसावन, मिस्कीन असे अनुभवी चित्रकार मांडणी करीत आणि रंग दुसरा भरी. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ही पद्धत लगेच ओळखू येते, कारण आमच्याकडेही आराखडा एकाचा आणि बांधकाम दुसऱ्याचे असते. एकट्या प्रतिभावंताची कल्पना इथे फारशी कामाची नाही.

आता एक चित्र नीट पाहू. १५६१ साली आग्र्यात, एकोणिशीच्या आसपासचा अकबर हवाई नावाच्या मस्तवाल हत्तीवर बसला आणि त्याने त्याची रणबाघ या हत्तीशी झुंज लावली. रणबाघ हरून पळाला, हवाई मागे लागला आणि दोन्ही हत्ती यमुनेवरच्या नावांच्या पुलावर चढले. मांडणी बसावनची, रंग छतर मुनीचे (हे नाव निरनिराळ्या प्रकारे वाचले जाते). गोष्टीला सुरुवात, मध्य आणि शेवट आहे. चित्रकाराने निवडला तो सर्वांत धोक्याचा क्षण. हत्तींच्या भाराने नावा पाण्यात दबल्या आहेत, माणसे घाबरून धावत आहेत. आधी काय झाले आणि पुढे काय होऊ शकते, हे सारे भोवतालच्या माणसांच्या हालचालींतून कळते. या सगळ्या गोंधळात स्थिर आहे तो फक्त हत्तीवरचा माणूस. अबुल फजल हा प्रसंग ईश्वरी संरक्षणाचा पुरावा म्हणून सांगतो आणि चित्र त्याचेच म्हणणे रंगांत मांडते. म्हणून अशा चित्राला साक्ष म्हणण्यापेक्षा युक्तिवाद म्हणणे मला अधिक बरोबर वाटते.

विद्यार्थी हमखास विचारतात, की या चित्रांत पर्स्पेक्टिव्ह 'चुकलेला' का असतो? तो चुकलेला नाही. ड्रॉइंगच्या तासाला आपण आयसोमेट्रिक काढतो तेव्हा समांतर रेषा समांतरच ठेवतो, त्या दूर जाऊन एका बिंदूत मिळत नाहीत. मुघल चित्रकार इमारती साधारण याच पद्धतीने वरून तिरप्या दाखवतो, माणसे मात्र समोरून किंवा बाजूने. फायदा उघड आहे. अंगण, गच्ची, तटाबाहेरची गर्दी सगळे एकाच वेळी दिसते आणि पुढची वस्तू मागचीला झाकत नाही. १५६२ मध्ये अधम खानाला वाड्यावरून खाली फेकण्याची शिक्षा झाली, ते मिस्कीन आणि शंकर यांचे चित्र या दृष्टीने पाहावे. पुढे १५८० नंतर जेझुइट पाद्र्यांसोबत युरोपीय छापील चित्रे दरबारात आली आणि पार्श्वभूमीला धूसर, लहान होत जाणारी गावे दिसू लागली. ती उसनी घेतली तरी मूळ मांडणी सोडलेली नाही.

हा ग्रंथ ज्यांची बाजू सांगत नाही, त्यांचे काय? आमच्या जबलपूरला हा प्रश्न टाळता येत नाही. गढा आज याच शहराचा भाग आहे. १५६४ च्या जूनमध्ये गढा-कटंगाची राणी दुर्गावती आसफ खानाच्या फौजेशी नर्रईजवळ लढली. मंडल्याच्या रस्त्यावर बरेलाजवळ तिची समाधी आहे. तिच्या शेवटाचे तपशील आपल्याला मिळतात ते मुख्यतः अबुल फजलकडूनच: हत्तीवरची राणी, जखमी मुलगा वीर नारायण याला सुरक्षित जागी पाठवणे, कानशिलात व मानेत लागलेले बाण, शत्रूच्या हाती पडण्याआधी मला मार अशी अधारला केलेली विनंती, त्याचा नकार आणि मग तिने स्वतः चालवलेला खंजीर. तिच्या शौर्याचे आणि कारभाराचे तो कौतुक करतो, पण बादशहापुढे ती नमली नाही हा तिचा दोष ठरवतो. मजकूर इतका दृश्यमय आहे, की चित्रकाराला वेगळे काही कल्पावे लागणार नाही. प्रश्न आहे तो क्षण निवडण्याचा. अकबर या रणांगणावर नव्हताच. मग पानावर स्थिर कोण दिसणार?

स्वाध्याय : अबुल फजलच्या या वर्णनावरून एका पानाची 'तरह' पेन्सिलीने काढा. दुसरी 'तरह' त्याच मोहिमेच्या पुढच्या प्रसंगाची: आसफ खानाच्या हाती सुमारे एक हजार हत्ती लागले आणि त्याने दरबारात पाठवले फक्त दोनशे. दोन्ही पानांवर सर्वांत मोठी जागा कोणाला दिली, ते खाली लिहा.