जुन्या बंगल्याचा रंग

महोत्सवानिमित्त आपल्या धर्मगुरुनिवासास बाहेरून नवा रंग द्यावा, अशी सूचना मंडळींकडून आली आहे. सूचना प्रेमाची आहे. परंतु कोणता रंग द्यावा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. आपल्या शहरांतील जुन्या बंगल्यांचा इतिहास पाहिल्यास तो सुटण्यास मदत होईल असें वाटतें.

तिसरे रघूजी भोंसले 1853 सालीं निवर्तले आणि त्यांचें राज्य डलहौसीनें खालसा केलें. 1861 सालीं मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झालें. 1867 सालीं आगगाडी आली. आणि साहेबांच्या निवासासाठीं सिव्हिल लाइन्समध्यें बंगले उठूं लागले. 1 जानेवारी 1877 रोजीं राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचें दिल्लीस जाहीर झालें, त्याच दिवशीं जमशेटजी टाटांची गिरणी येथें उघडली व तिला 'एम्प्रेस' हें नांव पडलें. 1887 सालीं आपला नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला आणि 1891 सालीं टेकडीवरील गव्हर्नमेंट हाउस बांधून झालें; स्वातंत्र्यानंतर तें राजभवन म्हणून ओळखलें जाऊं लागलें.

या काळच्या घरांचा नकाशा साहेबी, पण अंग येथलें. रुंद व्हरांडा, उंच छत, वर कवेलू, आणि जाड भिंतींस चुन्याचा गिलावा. भाजलेल्या चुनखडीची कळी पाण्यांत विरवून, गाळून, डिंक घालून तिचा हात भिंतीवर फिरवीत. रंग हवा असल्यास गेरू किंवा पिवळी माती मिसळीत. हा चुना हवेंतील कार्बनिक आम्लवायु शोषून पुनः दगडासारखा होतो, तरी त्याचीं सूक्ष्म छिद्रें उघडीं राहतात. पायांतून चढलेली किंवा पावसांत मुरलेली ओल त्या वाटेनें उडून जाते. खिडक्यांच्या सागवानास मात्र जवसाच्या तेलांत कालवलेला रंग. आणि जवस तर आपल्या वऱ्हाड-नागपूरचेंच पीक.

हें मीं पुस्तकांत शिकलों नाहीं; चूक करून शिकलों. एका जुन्या घराचा कारभार तरुणपणीं माझ्याकडे होता. चुना दरवर्षीं कोण लावील, म्हणून मीं सिमेंटचा गिलावा व वर चकचकीत प्लॅस्टिक रंग देवविला. पहिल्या वर्षीं सर्वांनीं वाखाणणी केली. दुसऱ्या पावसाळ्यांत भिंतीस फोड आले, पोपडे सुटले, आंतील विटांस लोणा लागून त्यांचें पीठ झालें. पाणी भिंतींत कोंडलें गेलें होतें. दोष गवंड्याचा नव्हता, माझ्या उतावळीचा होता.

अशीच उतावळी इंग्लंडांतही झाली होती. तेथील जुनीं चर्चें नवीं करण्याच्या भरांत खरवडलीं जाऊं लागलीं, तेव्हां विल्यम मॉरिसनें 1877 सालींच प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठीं एक संस्था काढली. लोक तिला थट्टेनें 'खरवड-विरोधी' म्हणत. तिचा आग्रह एवढाच, कीं वेळचे वेळीं डागडुजी करा, पण काळाच्या खुणा पुसूं नका.

खरवडण्यांत दुसरेंही भय आहे. जुन्या तेलरंगांतील सफेद्यांत शिसें असे. तो कोरडा घासल्यास विषारी धूळ उडते आणि लेंकरांच्या मेंदूस अपाय करिते. 2017 पासून आपल्या देशांत घरगुती रंगांत दर दहा लक्ष भागांत 90 भागांहून अधिक शिसें चालत नाहीं. पण जुन्या दारांवरील थरास हा कायदा काय करणार? म्हणून आपल्या खिडक्या ओल्या करूनच घासाव्या, आणि तेव्हां मुलांस आवाराबाहेर ठेवावें.

माझें मत असें, कीं रंगाचें काम पावसाळ्यानंतर, नाताळापूर्वीं करावें. मेमध्यें पारा 45 अंशांवर जातो. तेव्हां दिलेला चुना भाजून भुकटी होतो. आधीं कवेलू व पन्हळी दुरुस्त कराव्या, सुटलेला गिलावा चुन्यानेंच भरावा, मग भिंत भिजवून सावलीच्या बाजूनें तीन पातळ हात द्यावे. उत्तरेकडील कोपऱ्यांत पूर्वींचा फिका पिवळा थर अजून दिसतो. मंडळींनीं रविवारीं मिस्सानंतर तो पाहावा, मगच रंग ठरवावा.