आंब्याचं झाड आणि सरकारी बिल

सरकारी खरेदी म्हटलं की आपल्याला दोनच शब्द आठवतात, टेंडर आणि घोटाळा. दोन्ही शब्दांत सरकार हा फसवला जाणारा गरीब बिचारा ग्राहक असतो. पण विकणाऱ्याचं काय? सरकारसारखं गिऱ्हाईक दारात आलं की विकणाऱ्याची काय अवस्था होते, हा प्रश्न आपल्याकडे निदान साडेतीनशे वर्षं जुना आहे. त्याबद्दल थोडं लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. काळ राज्याभिषेकाच्या आसपासचा. शाळेत त्यातलं एखादं वाक्य ऐकलेलं असतं, पण सबंध पत्र वाचलं की वाटतं, हे तर पुरवठा खात्याचं परिपत्रक! घोडदळाचा मुक्काम पडलाय. पावसाळ्यासाठी साठवलेल्या दाण्या-वैरणीतला बराच भाग आधीच खर्च झालाय. महाराज बजावतात की कोठीतून जो रतीब मिळेल तेवढ्यात भागवा. आत्ता मनमानी उधळलंत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल. कुणी कुणब्याचा दाणा आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी फाटे, कुणी भाजी. मग कुणबी घर सोडून जातील, आणि त्यांना तुम्ही मोगलांपेक्षाही वाईट वाटाल.

यावर त्यांनी सांगितलेला उपाय अगदी साधा आहे. तुमचा पगार खजिन्यातून तुमच्या पदरात पडलाय. लागेल ते बाजारात जाऊन रास किमतीत विकत आणा. कुणावर जुलूम करायची गरजच नाही.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पगाराचं वाक्य. महाराज नुसता उपदेश करत नाहीत. विकत घ्या म्हणायच्या आधी विकत घ्यायला पैसे दिलेत ना, हे बघतात. (पुढे त्याच पत्रात रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, असंही आहे. राज्य चालवणाऱ्या माणसाला उंदराचीही काळजी करावी लागते!)

दुसरा कागद आज्ञापत्राचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा ग्रंथ साधारण १७१५-१६ चा. त्यात आरमाराच्या लाकडाचा भाग आहे. आंब्या-फणसाच्या झाडांचा तो मजकूर हल्ली थेट शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून मोबाइलवर फिरतो. आपल्याला तो मिळतो आज्ञापत्रातून, पण परंपरा तीच म्हणायला हरकत नाही. गलबतांना फळ्या हव्यात, डोलकाठ्या हव्यात. साग वगैरे रानातून परवानगीने तोडा, कमी पडेल ते बाहेरच्या मुलखातून खरेदी करा. आंबे, फणसही आरमाराच्या कामाचे आहेत, पण त्यांना हात लावू नका, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याचा संतोष करून मग तोडा.

खरेदीच्या नियमात 'विकणाऱ्याचा संतोष' ही अट! आजच्या कुठल्याही टेंडरच्या अटी-शर्ती चाळा, त्यात बयाणा रक्कम, सुरक्षा ठेव, दंड सगळं असतं. संतोष काही सापडणार नाही.

अर्थात हे नियम होते याचा अर्थ ते सगळीकडे पाळले जात असं नाही. इतक्या ठासून सांगावं लागत होतं, त्याअर्थी उलटं घडत असणारच. आणि पुढे इंग्रजी अमदानीत साहेबाचा हिवाळी दौरा निघाला की गावात धास्ती पडायची. तंबूला माणसं, घोड्यांना गवत, स्वयंपाकाला लाकूड, दूध, कोंबड्या, हे सगळं गावाने पुरवायचं. किंमत द्यायचा नियम होता, पण ती वाटेतल्या हातांमध्येच विरघळायची. शेवटचा भार पडायचा तो वतनी चाकरीत अडकलेल्या महारांवर. त्यांची चाकरी चोवीस तासांची आणि मोबदला नावापुरता. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाबद्दलचं विधेयक मांडलं, त्यामागे हेच होतं. सरकार काम आणि माल घेतं, पण ज्याचं घेतं त्याला मोल देत नाही.

मोठ्या खरेदीचा विक्रेता तर इथे नव्हताच. सरकारी मालाची मोठी खरेदी लंडनहून व्हायची, तिथे त्यासाठी वेगळं खातंच होतं. दादाभाई नौरोजींनी मांडलेल्या संपत्तीच्या ओहोटीत या खरेदीचाही हिशेब येतो. इथल्या कारखानदाराला सरकार हे गिऱ्हाईक म्हणून मिळणं किती मोलाचं, ते टाटांच्या पोलाद कंपनीवरून कळतं. १९०७ साली कंपनी उभी राहत असताना दहा वर्षं दरवर्षी २०,००० टन रूळ आयातीच्या दराने घेऊ, असं सरकारने कबूल केलं होतं. पुढे १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट सुरू झालं आणि खरेदीचं टेबल हळूहळू इकडे सरकलं.

स्वातंत्र्यानंतरचा पहिला गाजलेला घोटाळाही याच लंडनच्या वाटेने आला. १९४८ चं जीप प्रकरण. काश्मीरच्या लढाईसाठी तातडीने जीपगाड्या हव्या होत्या. लंडनमधले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला, बरीच रक्कम आगाऊ दिली, आणि आल्या त्या १५५ गाड्या लष्कराने नाकारल्या. १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद झाल्याचं जाहीर केलं.

अशा प्रकरणांतून सरकारी यंत्रणेने जो धडा घ्यायचा तो घेतला. पैसे सोडताना दहा वेळा बघ, सही करताना वीस वेळा. चूक म्हणता येणार नाही, पैसा लोकांचाच आहे. तरी १९५१ मध्ये स्थापन झालेल्या डीजीएस अँड डी या केंद्रीय खरेदी खात्याची एक पद्धत मला शहाणपणाची वाटते. मालाची तपासणी होऊन तो रवाना झाल्याचा पुरावा दिला की बहुतेक रक्कम हातात, उरलेली थोडी माल पोचल्यावर. हे खातं ३१ ऑक्टोबर २०१७ ला बंद झालं आणि त्याची जागा २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'जेम' पोर्टलने घेतली. तिथेही माल स्वीकारल्यावर दहा दिवसांत पैसे, असा नियम आहे.

पण नियम एक आणि अनुभव एक. माझे एक मामा शाळांना बाकं पुरवायचे (नातेवाइकांना लगेच कळेल कोण ते). ते टेंडर भरताना दरातच आठ महिन्यांचं व्याज धरत. "बिल आठ महिन्यांनी निघतं, मग ते व्याज काय मी घरून घालू?" ऑफिसात विचारलं की उत्तर एकच, अनुदान आलं नाही. आणि अनुदान आलं की ३१ मार्च जवळ, कारण त्या तारखेला न खर्चलेला पैसा परत जातो, म्हणून सगळी धावपळ. वित्तीय नियमांत वर्षअखेरीची ही घाई औचित्याचा भंग आहे असं स्पष्ट लिहिलंय. ते वाचायला मार्चमध्ये कुणाला वेळ असतो!

मामांच्या त्या व्याजाचा विचार केला की 'सर्वात कमी दर' या देवाबद्दल शंका येते. एल-वन म्हणून जो येतो, तो खरंतर थांबू शकणाऱ्यांमधला सर्वात स्वस्त. ज्याच्याकडे आठ महिने थांबायला भांडवल नाही, तो त्याहून स्वस्त देऊ शकत असला तरी टेंडर भरतच नाही. उशिराचं व्याज सरकार देतंच, फक्त ते दराच्या पोटात लपलेलं असतं. जादा दराने घेतलं तर ऑडिटचा आक्षेप येतो. हे व्याज मात्र कुठल्याही रकान्यात दिसत नाही.

कायदा नाही असं नाही. १९९३ मध्ये लघुउद्योगांच्या थकीत रकमेवर व्याजाचा कायदा झाला. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचं बंधन घातलं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. सरकारी खरेदीदारही यातून सुटलेला नाही. २०१७ पासून तक्रारीसाठी 'समाधान' पोर्टल आहे. तरी २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या कंत्राटदारांच्या संघटनांना थकलेल्या बिलांसाठी आंदोलनं करावी लागली. मामांनी तर कधी व्याज मागितलंच नाही. पुढच्या वर्षीची ऑर्डर त्याच टेबलावरून निघायची होती.

२०२३ च्या अर्थसंकल्पात आणखी एक मेख मारली गेली. लहान उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च आयकरात वजा करता येत नाही. खाजगी कंपन्यांची यावरून बरीच धावपळ झाली, सीएंचे फोन वाजायला लागले. सरकारी खात्यांना मात्र याची झळ लागायचं कारण नाही. सरकारी खातं आयकर भरतच नाही.