'जल-तरु-तृण' आणि घराची कडी: तदंगभूत वस्तूंच्या वादाचा भाषिक इतिहास

जमिनीची वा घराची जुनी मराठी खते ज्यांनी चाळली आहेत, त्यांना 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेपसहित' ही शब्दावली नवी नाही. मराठेशाहीतील इनामपत्रांत ती पदोपदी आढळते आणि दस्तलेखकांच्या लेखणीतून ती अद्यापि गेलेली नाही. तिचा भारदस्त नाद ऐकून, घेणाऱ्याला जे मिळावयाचे ते सर्व यात आले, अशी समजूत होते. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचाराचे निमित्त घरगुती आहे. लेखकाच्या आजोळचा वाडा विकला गेला, तेव्हा खतात वरील शब्दावली यथासांग होती. ताबा देण्याच्या आदल्या दिवशी मामांनी ओटीवरील झोपाळ्याचा पाट आणि पितळी साखळ्या उतरवून नेल्या. तुळईतील कड्या तेवढ्या मागे राहिल्या. घेणाऱ्या गृहस्थांनी राहिलेली रक्कम अडवून धरली. "झोपाळा पाहूनच ओटी पसंत केली," असे त्यांचे म्हणणे. "झोपाळा आमच्या वडिलांचा, घर विकले म्हणजे वडील विकले नाहीत," असे मामांचे. खत पुन्हा पुन्हा वाचण्यात आले. त्यात पाणी होते, झाड होते, गवत होते, भूमिगत धनही होते, झोपाळा नव्हता.

तो का नव्हता, याचे उत्तर शब्दावलीच्या पूर्वपीठिकेत सापडते. तिची घडण घरविक्रीसाठी झालेलीच नाही. ती भूमिदानाची भाषा आहे. माळव्याच्या परमार राजांच्या ताम्रपटांत दिलेल्या गावाला 'सवृक्षमालाकुल' असे विशेषण लागते. विजयनगरच्या दानपत्रांतील 'अष्टभोगां'त निधी, निक्षेप, जल, पाषाण, अक्षीणी, आगामी, सिद्ध आणि साध्य यांची गणना होते. मराठी इनामपत्रांतील यादी याच कुळातली आहे. दान देणारा राजा, घेणारा ब्राह्मण, देवस्थान किंवा वतनदार. पुढे राजाच्या अंमलदाराने येऊन 'गाव दिला, पण गावातील झाडे सरकारची' असे म्हणू नये, ही येथील मुख्य चिंता होय. म्हणून जमिनीवर उगवणारे, जमिनीत वाहणारे आणि जमिनीखाली दडलेले असे सर्व नावानिशी सांगितले जाई. माणसाने भिंतीत ठोकलेल्या कडीविषयी राजाला आणि इनामदाराला भांडण्याचे कारणच नव्हते.

खताची भाषा ही अशी थरांची भाषा आहे. 'खरेदी' फारसी, 'खत' आणि 'इमारत' अरबी मुळाचे, तर 'स्थावर', 'जंगम' आणि 'तदंगभूत' संस्कृत. 'स्थावर' म्हणजे उभे राहणारे, 'जंगम' म्हणजे जाणारे. हे द्वंद्व पर्वत आणि पशू यांना चोख लागू पडते. परंतु घर हे उभे राहणारे असून अनेक जाणाऱ्या वस्तूंनी बनलेले असते. दार भिंतीत बसण्यापूर्वी सुताराच्या अंगणात पडून होते. जंगम वस्तू स्थावर केव्हा होते, हाच या सर्व वादांचा गाभा आहे.

रोमन विधिपरंपरेचे उत्तर निःसंदिग्ध होते: जमिनीवर जे उभारले ते जमिनीचे. द्वादशफलक-विधीनुसार चोरीची तुळईदेखील एकदा घरात बसली की ती उपटून काढता येत नसे; मूळ मालकाने दुप्पट भरपाई घ्यावी, घर मोडू नये. आपल्या धर्मशास्त्राचा कल निराळा दिसतो. परक्याच्या जागेवर भाडे देऊन घर बांधणाऱ्याने जागा सोडताना गवत, लाकूड, विटा घेऊन जावे, अशी नारदस्मृतीची व्यवस्था आहे; भाडे न देता मालकाच्या इच्छेविरुद्ध राहिलेल्याला मात्र ती मुभा नाही. येथे वस्तू किती घट्ट बसली हा प्रश्नच नाही. ती कोणत्या नात्याने बसविली, हा आहे.

इंग्रजी अमलात या दोन दृष्टी समोरासमोर आल्या. इ. स. 1866 मध्ये ठाकूर चंद्र परामाणिक यांच्या प्रकरणात कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने, मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांच्या अध्यक्षतेखाली, असा निर्वाळा दिला की, या देशाच्या वहिवाटीनुसार इमारत केवळ जमिनीस चिकटली म्हणून जमीनमालकाची होत नाही. प्रामाणिक हक्काने बांधणाऱ्यास सामान नेण्याचा किंवा मोबदला मिळण्याचा अधिकार आहे.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात (मुंबई इलाख्यास तो 1893 पासून लागू झाला) दोन्ही प्रवाहांचा संगम दिसतो. कलम 3 नुसार झाडाप्रमाणे भूमीत रुजलेले, भिंतीप्रमाणे भूमीत रोवलेले, आणि अशा रोवलेल्या वस्तूस तिच्या कायम उपभोगासाठी जोडलेले, ते सर्व भूमीस संलग्न होय. कलम 108 प्रमाणे भाडेकरूस मात्र, ताबा असेतोवर, आपण जोडलेल्या वस्तू काढून नेता येतात. जागा पूर्वस्थितीत सोडली म्हणजे झाले. म्हणजे तीच कडी, त्याच तुळईत. भाडेकरूने ठोकली असेल तर त्याच्याबरोबर जाईल, मालकाने ठोकली असेल तर घराबरोबर राहील. नारदाचा 'नात्या'चा निकष येथे वेगळ्या वेषात पुन्हा भेटतो.

गंमत अशी की, जुन्या यादीतील 'तृण' आणि 'काष्ठ' यांना हाच अधिनियम धक्का देतो. उभे इमारती लाकूड, उभी पिके आणि गवत ही स्थावर नव्हेत, असे कलम 3 सांगते. 1958 मधील शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य या प्रकरणात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी त्याचे मर्म उलगडले: जे झाड लवकरच तोडावयाचे आहे ते लाकूड, जे जमिनीतून पोषण घेत राहावयाचे आहे ते झाड. वृक्ष तोच, हेतूनुसार नाव निराळे.

घराविषयी कलम 8 अधिक बोलके आहे. कुलपे, किल्ल्या, अडसर, दारे, खिडक्या आणि घराबरोबर कायमच्या उपयोगासाठी ठेवलेल्या इतर सर्व वस्तू घराबरोबर जातात. किल्ली कशालाच चिकटलेली नसते. तरी ती जाते, कारण तिच्यावाचून कुलूप निरर्थक. हा निकष वाड्यास लावून पाहावा. माजघराच्या जमिनीत पुरलेले उखळ घराचे, यात शंका नाही. मग मुसळ? ते किल्लीसारखे, की भांड्यासारखे? विहिरीवरील रहाटाची चौकट घराची. दोर आणि पोहरा? भिंतीतील कोनाडा राहणार, त्यातील देव जाणार, हे कोणीही सांगेल. पण कोनाड्याच्या मापाने घडविलेला लाकडी देव्हारा?

इंग्लंडमधील न्यायालयेही याच धुक्यातून चालली आहेत. हॉलंड विरुद्ध हॉजसन (1872) या प्रकरणात गिरणीच्या फरशीस खिळ्यांनी जखडलेले माग इमारतीचे ठरले. न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी तेथे दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे: चुन्यावाचून रचलेली दगडी कुंपणभिंत जमिनीची, तेच दगड गवंड्याच्या अंगणात सोयीसाठी रचले तर जंगम. 1902 मध्ये ली विरुद्ध टेलर या प्रकरणात भिंतीवर जडविलेले चित्रपट जंगम ठरले, कारण ते भिंतीसाठी नव्हते, भिंत त्यांच्यासाठी होती. 1996 मधील बॉथम प्रकरणात स्वयंपाकघरातील बांधीव कपाटे घराची ठरली, गालिचे आणि पडदे नव्हेत. व्यवहारात मात्र तेथील लोकांनी तत्त्वावर विसंबणे सोडले. 1990 पासून तेथील विधिज्ञसंस्थेच्या पद्धतीनुसार विक्रेता काय ठेवणार आणि काय नेणार याची यादीच भरून देतो.

यावरून निघणारा निष्कर्ष भाषेच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारा आहे. 'कायम उपयोग', 'तदंगभूत' हे शब्द वस्तूचे वर्णन करीत नाहीत; ते माणसाच्या हेतूचे वर्णन करतात, आणि हेतू दोन पक्षांचे दोन असू शकतात. म्हणून सामान्य शब्द जितका व्यापक, तितकी वादाला जागा अधिक. इनामपत्र लिहिणाऱ्या कारकुनाला हे ठाऊक होते. त्याने व्यापक शब्दावर भिस्त ठेवली नाही. ज्यावरून भांडण होईल असे वाटले, ते एकेक करून लिहिले. पुढच्या पिढ्यांनी त्याचे शब्द जपले आणि त्याची पद्धत सोडली. यादी मंत्र झाली. घराच्या खतात तृण आणि निक्षेप राहिले. पंखा, पाणी तापविण्याचा बंब, झोपाळा यांना कोणी नाव दिले नाही. जुन्या शब्दावलीशी खरे इमान राखावयाचे तर ती उतरवून न घेता, तिच्यासारखी नवी यादी करावयास हवी.

आजोळच्या झोपाळ्याचा निकाल कायद्याने कसा लागला असता, हे सांगणे सोपे नाही. कड्या घराच्या, हे निश्चित. पाट आणि साखळ्या किल्लीच्या न्यायाने घराच्या ठरल्या असत्या किंवा चित्रपटाच्या न्यायाने मामांच्या. वाद न्यायालयात गेला नाही. रक्कम थोडी कमी करून व्यवहार पुरा झाला, आणि शेजारी म्हणून तीस वर्षे एकमेकांकडे जाणारी दोन घरे पुन्हा बोलली नाहीत. खतात एक ओळ अधिक लिहिली असती, तर ते टळते.