आपला माणूस

संभाजी बागेत सकाळी फिरून झालं की आमचा पाच-सहा निवृत्तांचा कट्टा बसतो. एकदिवसीय सामन्यांचा भारतीय संघ जाहीर झाला आणि त्यात ऋतुराज गायकवाडचं नाव नसलं, की त्या दिवशी दुसरा विषय निघत नाही. 2022 च्या विजय हजारे स्पर्धेत एका षटकात सात षटकार मारणारा (एक चेंडू नोबॉल होता, म्हणून सात!) मुलगा बाहेर बसतो म्हणजे काय? मग ठरलेलं वाक्य येतं, "समितीत आपला माणूस नाही ना!"

हे वाक्य मी पुण्यात पन्नास वर्षं तरी ऐकतो आहे. गंमत अशी, की समितीत आपला माणूस होता. नुसता होता असं नाही, दोनदा अध्यक्ष होता. चंदू बोर्डे. पक्के पुणेकर, जन्म 1934 चा. 55 कसोटी सामने, 3061 धावा, पाच शतकं, 52 बळी.

परगावच्या नातेवाईक मंडळींसाठी थोडं सांगतो. आपल्या राज्यातून रणजी स्पर्धेत तीन संघ उतरतात: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. पुणं येतं महाराष्ट्र संघात. विदर्भ मध्य विभागात, पण महाराष्ट्र आणि मुंबई दोघेही पश्चिम विभागात. पूर्वी राष्ट्रीय निवड समितीत पाच विभागांचा एकेक माणूस असे. विभागाच्या संघातून खेळल्याशिवाय वर नजरेत भरणं कठीण, आणि पश्चिम विभागाच्या संघात मुंबईची पोरं आधीच दाटीवाटीनं बसलेली. विभागांची एकदिवसीय स्पर्धा 1973-74 च्या हंगामात सुरू झाली, तिला नाव मात्र आमच्या स. प. महाविद्यालयातल्या संस्कृतच्या प्राध्यापकांचं, दि. ब. देवधरांचं. ट्रॉफी पुण्याच्या नावाची आणि खेळायला मुंबईकर, असा टोमणा आमचे एक गणिताचे सहकारी शिक्षकांच्या खोलीत दरवर्षी न चुकता मारायचे.

आता 1983 चा विश्वचषक बघा. तो संघ निवडणाऱ्या समितीत अध्यक्ष गुलाम अहमद, आणि पंकज रॉय, चंदू सरवटे, बिशनसिंग बेदी, चंदू बोर्डे. या पाचांपैकी स्वतः आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना खेळलेले एकटे बेदी. भारताचा पहिला असा सामना झाला जुलै 1974 मध्ये, आणि बोर्ड्यांची शेवटची कसोटी 1969 ची. म्हणजे जो खेळ कधी खेळले नाहीत, त्याचा संघ या चौघांना निवडायचा होता. मला याचं अजून नवल वाटतं. कसोटीच्या हिशेबानं अकरा मोठी नावं घालून मोकळं होणं सोपं होतं. त्यांनी काय केलं? रॉजर बिन्नी, मदनलाल, मोहिंदर अमरनाथ, कीर्ती आझाद, रवी शास्त्री. थोडी गोलंदाजी, थोडी फलंदाजी करणारी माणसं. घरात पाहुणे वाढले की आई आमटीत पाणी घालते, तसं लोक तेव्हा म्हणाले. ती आमटी कशी झाली ते पुढं जगानं पाहिलं. उपान्त्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत सामनावीर अमरनाथ. स्पर्धेत सर्वाधिक, 18 बळी बिन्नीचे.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. त्या चौदा जणांत मुंबईचे पाच होते: गावसकर, वेंगसरकर, संदीप पाटील, शास्त्री, बलविंदर संधू. महाराष्ट्र संघाचा एकही नाही. आणि पश्चिम विभागाचा निवडकर्ता कोण? आपला माणूस.

त्यावरून तेव्हा पुण्यात कुणी बोर्ड्यांना बोल लावल्याचं मला आठवत नाही. चषक घरी आल्यावर कोण बोलणार!

दुसरी गोष्ट हृषीकेश कानिटकरची. 18 जानेवारी 1998, ढाका. पाकिस्तानच्या 314 धावा. 48 षटकांचा सामना, अंधार पडत चाललेला. शेवटच्या दोन चेंडूंत तीन धावा हव्यात, समोर सकलेन मुश्ताक. आणि आमच्या या डावखुऱ्या पोरानं मिडविकेटला चौकार मारला. माझं घर तेव्हा पेठेत, वाड्यात. सगळा वाडा चौकात धावत आला होता. वाड्याचा मालक आणि भाडेकरू (त्यांचा कोर्टात खटला चालू होता) एकमेकांना पेढे देत होते.

तो चौकार त्याच्या नावाला इतका चिकटला, की बाकीचं कुणी पाहिलंच नाही. एकूण 34 एकदिवसीय सामने, 339 धावा. आकडे लहान आहेत, मान्य. पण सहाव्या-सातव्या क्रमांकावर कितीदा चारच षटकं उरलेली असतात, तेही मनात धरावं लागतं. 1999-2000 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर तो गेला, तिथं दोन कसोटी खेळला. वडील हेमंत कानिटकरही भारताकडून दोनच कसोटी खेळले होते. जानेवारी 2000 नंतर हृषीकेश पुन्हा भारताकडून दिसला नाही. आणि त्या वेळी निवड समितीचे अध्यक्ष? पुन्हा चंदू बोर्डेच.

त्याच वर्षी याच समितीच्या काळात सौरव गांगुली कर्णधार झाला आणि ऑक्टोबरात नैरोबीला अठरा वर्षांचा युवराज सिंग आला. डावखुरा, मधल्या फळीतला, जोडीला फिरकी टाकणारा. जागा एकच असते. पुण्याच्या अध्यक्षानं तिथं चंडीगडचा मुलगा बसवला आणि बरोबर केलं, हे मला आज म्हणता येतं. तेव्हा म्हटलं नव्हतं. तेव्हा मीही कट्ट्याबरोबर रागावलो होतो. हृषीकेशनं मात्र पुढं कर्णधार म्हणून राजस्थानला लागोपाठ दोन रणजी करंडक मिळवून दिले.

आता उलटं उदाहरण. केदार जाधव. 2013-14 च्या रणजी हंगामात 1223 धावा, देशात सर्वाधिक. नोव्हेंबर 2014 मध्ये रांचीला तो पहिला एकदिवसीय सामना खेळला, तेव्हा वय 29, म्हणजे क्रिकेटच्या हिशेबात संसाराला लागायचं वय. निवड समितीचे अध्यक्ष होते संदीप पाटील. शिवाजी पार्कचे, अस्सल मुंबईकर! 15 जानेवारी 2017 ला आपल्या गहुंज्याला इंग्लंडच्या 350 धावांसमोर भारत 4 बाद 63 असताना केदारनं 76 चेंडूंत 120 केल्या, तेव्हा कट्ट्यावर कुणी संदीप पाटलांची आठवण काढली नाही. ती काढायला हवी होती.

हे सगळं मी एवढ्या तावातावानं का लिहितोय, तर त्याला घरचं कारण आहे. मराठी आणि इतिहास शिकवता शिकवता शाळेनं माझ्या गळ्यात क्रिकेटचा संघही बांधला होता. एका वर्षी आंतरशालेय स्पर्धेसाठी पंधरा नावं द्यायची होती. माझा भाचा त्याच शाळेत, ऑफस्पिन टाकायचा. चांगली टाकायचा. चौदा नावं झाली, पंधरावं त्याचं लिहिलं. मग रात्री "सरांचा भाचा" हे दोन शब्द कानात घुमायला लागले. सकाळी मी नाव बदललं. ज्याला घेतलं तो मुलगा वाईट नव्हता, पण भाच्याहून बरा नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्याला मी माझी निःस्पृहता समजलो. ताईनं त्या भाऊबीजेला ओवाळलं, पण बोलली नाही. पुढच्याही नाही.

त्यामुळं कुणी खुर्चीतल्या आपल्या माणसाकडून फार आशा धरली की मला ती वही आठवते. आपला असला तरी चुकतं, आणि आपला आहे म्हणून जास्तच चुकू शकतं. बोर्डे तसे चुकले असं मी म्हणत नाही. त्यांच्यासमोर युवराज होता, माझ्यासमोर कुणीही नव्हता.

गेल्या दिवाळीत भाचा आला होता. आता त्याचे केस माझ्याइतकेच पांढरे झाले आहेत. माळ्यावरचे कागद काढताना ती वही त्याच्या हाती लागली. पान उलटून त्यानं पंधरावी ओळ बघितली. खाली पुसलेलं पेन्सिलीचं नाव अजून वाचता येतं, वर दुसरं शाईनं.

"मामा, तू लिहिलं होतंस?" एवढंच तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

त्यानं वही मिटली आणि म्हणाला, "आईला दाखवतो." ताई आत करंज्या तळत होती.