थंडीत करा वेलभाज्यांच्या रोपांची तयारी

कारली, दोडका, काकडी या वेलवर्गीय भाज्यांचे बी उगवण्यास २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान पोषक असते. निफाड परिसरात जानेवारीत रात्रीचा पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो. अशा थंड, ओल्या जमिनीत थेट टोकलेले महागडे संकरित बी कुजण्याचा धोका असतो. त्यामुळे उन्हाळी हंगामासाठी रोपे आच्छादनाखाली तयार करावीत.

कारल्याचे टणक कवचाचे बी रात्रभर पाण्यात भिजवावे. छिद्रे पाडलेल्या प्लॅस्टिक पिशव्यांत माती व चांगले कुजलेले शेणखत भरून प्रत्येकी एक-दोन बिया लावाव्यात. पिशव्यांवर बांबूच्या कामट्या वाकवून पारदर्शक प्लॅस्टिक कागद लावावा. सायंकाळी तो झाकावा. ऊन चढताच बाजूने उघडावा. अन्यथा कोंदट ओलाव्यामुळे रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. पाणी सकाळी, झारीने, बेतानेच द्यावे.

थंडी ओसरू लागताच आच्छादन हळूहळू काढून रोपे काटक करावीत. दोन ते चार खरी पाने आल्यावर पिशवी फाडून मातीच्या गोळ्यासह लागवड करावी. या पिकांची मुळे नाजूक असतात. ती दुखावल्यास वाढ खुंटते आणि साधलेली आघाडी वाया जाते.