मागावरचा कॅम, मोटारीतला कॅम

सुझुकी आणि टोयोटा या दोन्ही जपानी मोटार कंपन्या मागाच्या पोटी जन्मल्या. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये हमामात्सू येथे माग बनवण्याचा कारखाना काढला. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये सिद्ध केलेला स्वयंचलित माग इतका सरस ठरला की, १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क विकत घेतले. साकिचींचे चिरंजीव किइचिरो यांनी १९३३ मध्ये माग बनवणाऱ्या त्याच कारखान्यात मोटारींचा विभाग उघडला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी वेगळी झाली. सुझुकीची पहिली मोटार, सुझुलाइट, १९५५ ची. जपानी गाड्यांवर जीव टाकणाऱ्या सोलापूरकराला हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही.

सोलापुरात मोरारजी गोकुळदास यांनी १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू केली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या आणि पहिलीला लोक ‘जुनी मिल’ म्हणू लागले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी आधी हातमाग आणि मग यंत्रमाग घरोघर नेला. चादर आणि टॉवेल ही शहराची ओळख झाली. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तरी पूर्व भागातल्या गल्ल्यांतून मागांचा खडखडाट ऐकू येत राहिला.

साध्या यंत्रमागाचे पोट उघडून पाहिले तर मोटारीशी असलेले त्याचे नाते लगेच दिसते. वरच्या बाजूला क्रँकशाफ्ट असतो. तो फणी पुढे-मागे हलवतो. खाली दुसरा दांडा असतो, त्यावर टॅपेट म्हणजे कॅम बसवलेले असतात. हे कॅम ताण्याचे धागे उचलणाऱ्या वह्या वरखाली करतात आणि बाण्याचा धागा नेणाऱ्या धोट्याला टोला देतात. धोटा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून मारायचा असल्यामुळे खालचा दांडा क्रँकशाफ्टच्या नेमका निम्म्या वेगाने फिरतो. चार फटक्यांच्या (फोर-स्ट्रोक) पेट्रोल इंजिनातही हेच प्रमाण असते: क्रँकशाफ्टचे दोन फेरे, कॅमशाफ्टचा एक. तिथे धोट्याऐवजी व्हॉल्व हलतात, एवढाच फरक. मागाची दुरुस्ती पाहणारा जॉबर ज्या कानाने टॅपेटची झीज ओळखतो, त्याच कानाने गॅरेजमधला मिस्त्री व्हॉल्वचा आवाज ओळखतो.

मोटारीच्या धंद्यातली सोलापूरची पहिली मोठी वाट मात्र मागावरून गेली नाही. ती वालचंद हिराचंद यांनी पाडली. वालचंदांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. रेल्वेच्या ठेकेदारीपासून सुरुवात करून ते जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत उतरले. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या, मग फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या. १९५३ मध्ये वालचंद गेले. फियाटची ‘पद्मिनी’ झाली, ती १९७० च्या दशकात. १९८५ मध्ये याच कंपनीने ११८ एनई बाजारात आणली. ती दिसायला फियाट १२४ च्या घराण्यातली होती, पण तिचे ११७१ सीसीचे इंजिन निस्सानचे ए१२ होते. नावातला ‘एनई’ त्याचीच खूण. हे साधे इंजिन निस्सानच्याच डॅटसन सनीमध्ये रोजच्या वापरासाठी बसवले जाई आणि तेच जपानच्या शर्यतींतही पळे. रोजची गाडी आणि शर्यतीची गाडी यांच्यात भिंत न घालण्याची ही जपानी रीत एका सोलापूरकराने स्थापन केलेल्या कंपनीमार्फत भारतीय रस्त्यावर उतरली, हे आवर्जून नोंदवण्यासारखे आहे.

त्याआधी, १४ डिसेंबर १९८३ रोजी, मारुती ८०० ची पहिली किल्ली ग्राहकाच्या हाती पडली होती. तिचे तीन सिलिंडरचे ७९६ सीसी इंजिन सुझुकीचे. १९८५ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहा आरएक्स १०० आणली. ९८ सीसीची ही टू-स्ट्रोक मोटारसायकल पिकअपसाठी आजही जपली जाते. तिला कॅमशाफ्ट नसतो, पण ती बनवणाऱ्या यामाहानेच १९६७ च्या टोयोटा २०००जीटी या नामांकित स्पोर्ट्स कारच्या इंजिनाला दोन कॅमशाफ्टचे हेड दिले होते.

खरी जपानी स्पोर्ट्स कार भारतात दुर्मीळच राहिली. निस्सान जीटी-आर २०१६ मध्ये अधिकृतपणे आली, तेव्हा तिची किंमत १ कोटी ९९ लाख रुपये होती. म्हणून शौकिनांचे प्रेम रोजच्या गाड्यांवर बसले, आणि त्यात काही कमीपणा नाही. १९९३ ची मारुती झेन हलकी, ९९३ सीसीची आणि पाच गिअरची होती. १९९८ ची होंडा सिटी वरच्या फेऱ्यांवर गाऊ लागे. सोलापूर–पुणे हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण असा उजनीच्या पाण्याच्या कडेने जातो. तो चौपदरी होण्याआधी ट्रक ओलांडताना तिसरा गिअर नेमका केव्हा टाकायचा, यातच चालवणाऱ्याचे कसब दिसे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा रेडिएटर, पंखा आणि कूलंट यांची निगा हाही त्या प्रेमाचाच भाग ठरतो.

होंडाच्या व्हीटेक तंत्राने कॅमला शौकिनांच्या बोलण्यात आणले. १९८९ च्या इंटेग्रातले १६०० सीसीचे इंजिन १६० अश्वशक्ती देई, म्हणजे लिटरमागे शंभर. युक्ती अशी की, एकाच दांड्यावर दोन आकारांचे कॅम ठेवायचे. संथ चालीत बसके कॅम व्हॉल्व थोडे उघडतात. वेग वाढला की तेलाच्या दाबाने एक पिन सरकते, रॉकर एकमेकांना जोडले जातात आणि उंच कॅम कामाला लागतो. बाजारात जाताना गाडी शांत राहते आणि मोकळ्या रस्त्यावर तीच शर्यतीची होते.

मोटारीचा कॅमशाफ्ट आता सोलापुरातच ओतला जातो. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी १९९२ मध्ये येथे स्थापन झाली. अक्कलकोट रस्ता आणि चिंचोळी औद्योगिक वसाहतीत तिचे कारखाने आहेत. मारुती सुझुकी, ह्युंदाई, फोर्ड, जनरल मोटर्स यांना तिने कॅमशाफ्ट पुरवले, आणि २०१६ मध्ये तिचे समभाग बाजारात नोंदले गेले. कॅमशाफ्ट ज्यातून ओततात, त्या चिल्ड कास्ट आयर्नचे काम समजून घेण्यासारखे आहे. साच्यात जिथे कॅमचे टोक येणार तिथे धातूचे तुकडे बसवतात. वितळलेले लोखंड त्यांना लागताच झटकन थिजते आणि तेवढाच भाग काचेसारखा कठीण होतो. दांड्याचा गाभा सावकाश निवतो, मऊ राहतो आणि यंत्रावर कापता येतो. लाखो किलोमीटर घासूनही कॅमचा आकार टिकतो, तो या दुहेरी स्वभावामुळे.

विजेच्या मोटारीला व्हॉल्व नसतात, त्यामुळे कॅमशाफ्टही लागत नाही. याच कंपनीने २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या इमॉस या, ट्रक आणि बस विजेवर चालवण्याची यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीत ५१ टक्के हिस्सा घेतला. सोलापुरातल्या भट्ट्यांतून कॅमशाफ्टचे ओतकाम मात्र चालूच आहे.