मारबत, सेवाग्राम आणि दारूविना सण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात इडापिडा, रोगराई मारबतीच्या स्वाधीन करून गावाबाहेर घालवतात. त्याच दिवशी तान्हा पोळा भरतो आणि कुठे कुठे दारूची बैठकही. दारू सोडलेल्याची खरी कसोटी तेव्हाच लागते.

वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे; परंतु बंदीने सोबत मिळत नाही. गांधीजींनी हे आधीच ओळखले होते. डिसेंबर १९४१मध्ये सेवाग्रामहून बारडोलीला जाताना रेल्वेगाडीत लिहिलेल्या ‘रचनात्मक कार्यक्रमा’त ते थकलेल्या मजुरांसाठी विसावा, स्वस्त सकस अल्पोपहार आणि खेळ यांची केंद्रे सुचवतात, व्यसन सोडविण्याचे उपाय डॉक्टरांनी शोधावेत, असेही म्हणतात.

मारबत अख्खे गाव मिळून बाहेर काढते. व्यसनाची पीडाही एकट्याच्या बळावर वेशीपलीकडे जात नाही.